थंडोबाची पेटी

माणसाला एकदा नाव पडलं की उरलेला जन्म ते निभावण्यात जातो. थंडोबांचं तेच झालं. दोष द्यायचा तर दुसऱ्या कुणाला देता येत नाही, कारण हे नाव त्यांनी स्वतःच्या जिभेने कमावलं होतं.

तरुणपणी ते एका बेकरीत भट्टीपुढे काम करायचे. तिथून सुटले आणि घरोघर पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीत गाडीवर लागले. पहिल्याच उन्हाळ्यात, गोदामासमोर बाकीचे ड्रायव्हर घामाने निथळत उभे असताना, हे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "याला ऊन म्हणतात होय? भट्टीपुढे उभं राहून बघा एकदा. आपल्याला नाही बुवा गरम होत." खरं सांगायचं तर त्या दिवशी सकाळपासून आभाळ आलं होतं. पण तोंडातून शब्द गेला तो गेला. कुणीतरी "थंडोबा!" म्हणालं, सगळे हसले, हेही हसले. दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं आणि ऊन तापलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

ज्यांनी ही गाडी आतून पाहिलेली नाही त्यांना सांगायला हवं. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे बिनखिडकीचा पत्र्याचा खोका, मध्ये एक सरकतं दार. दुपारी त्या दारातून मागे शिरायचं, वाकून फळ्यांवरचं पार्सल शोधायचं, आणि ते नेमकं सगळ्यात खालच्या फळीवर, सगळ्यात आतल्या कोपऱ्यात असतं. तापलेल्या पुठ्ठ्याचा वास नाकात बसतो. खोक्यांच्या चिकटपट्ट्या आपोआप सुटतात. कुणी मागवलेल्या मेणबत्त्या माना टाकतात, कुणाचं चॉकलेट पातळ होऊन शेजारच्या खोक्यात पाहुणचाराला जातं. सीटच्या पट्ट्याचं लोखंडी टोक चुकून हाताला लागलं तर माणूस आपल्या आईला हाक मारतो. अशा खोक्यात थंडोबांनी उन्हाळ्यांमागून उन्हाळे काढले, आणि प्रत्येक संध्याकाळी खाली उतरून म्हणाले, "आज जरा बरा वारा होता."

बरा वारा! तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय? पण झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि ती झाकून ठेवायला त्यांच्याकडे युक्त्या होत्या. सीटवर ओला टॉवेल, स्टिअरिंगवर ओलं फडकं. रस्त्यात एकच झाड असेल तर त्याच्या सावलीसाठी ते दोन गल्ल्या मागे गाडी लावायचे आणि पार्सल घेऊन चालत जायचे; विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळे होतात." त्यांच्या वाटेवर एक आइस्क्रीमचं दुकान होतं. तिथे ते बिस्किटाच्या कोनांची खोकी पोचवायचे. खोकी काउंटरवर ठेवली तरी चालण्यासारखी होती, पण थंडोबा ती स्वतः उचलून आतल्या बर्फाच्या खोलीत नेऊन ठेवायचे. मग खोक्याचा कोपरा भिंतीशी नीट जुळला की नाही हे डावीकडून बघायचे, उजवीकडून बघायचे.

"अहो, कोनाला गारवा लागत नाही," दुकानदार बाहेरून ओरडायचा. "उलट मऊ पडतात!"

"असू दे, असू दे. काळजी घेतलेली बरी," असं म्हणत ते आणखी थोडा वेळ काळजी घ्यायचे.

गाडीत खरी बडदास्त असायची ती स्कॅनरची. स्कॅनर म्हणजे पार्सलावरच्या रेघोट्या वाचणारं हातातलं यंत्र. ते फार तापलं की स्वतःहून बंद पडायचं, आणि ते बंद पडलं की पार्सल दारात देऊनही दिल्याची नोंद व्हायची नाही. मग ऑफिसातून फोन, मग ओरडा. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरच्या पायाशी थर्माकोलची एक पेटी असायची, घरून भरून आणलेल्या बर्फाची. त्या पेटीत आधी स्कॅनर. जागा उरली तर पाण्याची बाटली. ती सहसा उरायची नाही, त्यामुळे दुपारपर्यंत बाटलीतलं पाणी दाढी करायच्या लायकीचं व्हायचं. ड्रायव्हर ते पाणी प्यायचा आणि बर्फातला स्कॅनर मऊ फडक्याने पुसायचा. हाताला सवयच लागली होती, ऑफिसची वस्तू गरम लागली की पेटीत.

घरीसुद्धा थंडोबा थंडोबाच. बैठकीच्या खोलीत एक टेबलपंखा होता. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बायकोने त्यांना विचारलं होतं, "अहो, पंखा तुमच्याकडे करू का?" नव्या नवरीसमोर पडतं कोण घेणार? "छे, तुझ्याकडे असू दे. मला नाही गरम होत." तेव्हापासून पंखा तिच्या खुर्चीकडे वळलेला होता आणि हे खिडकीपाशी बसून वर्तमानपत्राने स्वतःला वारा घालत होते. विचारलं तर म्हणायचे, माश्या हाकलतोय.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण घरात जावई आला, आणि तोही याच कंपनीत गाडीवर लागला.

जावई गुणी होता, पण त्यामुळे थंडोबांची मोठी पंचाईत झाली. गोदामात बाकी सगळ्या नव्या पोरांना "ए, सरक तिकडे" म्हणणारे थंडोबा याला मात्र "जावईबापू, जरा इकडे येता का?" म्हणायचे आणि सगळं गोदाम खोकायचं. जावई त्यांना "मामा" म्हणायचा आणि त्यांच्याकडे बघून काम शिकायचा. मामा दुपारी थांबत नाहीत, म्हणून हाही थांबायचा नाही. मामा कुरकुरत नाहीत, म्हणून हाही नाही. आणि मग एका रणरणत्या दुपारी एका बाईंच्या दारात तो पार्सल हातात धरून "सही करा" म्हणाला आणि त्यांच्या पायपुसण्यावर आडवा झाला.

बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या. त्यांनी पाणी मारलं, डॉक्टरांना बोलावलं. संध्याकाळपर्यंत तो उठून बसला. कंपनीच्या साहेबांनी त्याच्यासाठी लिंबूपाण्याची एक बाटली पाठवली आणि निरोप पाठवला की विश्रांती घ्या, परवा लवकर या.

थंडोबा बघायला गेले तेव्हा लेक दारातच उभी होती. लहानपणापासून ती त्यांच्यावर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"बाबा, त्याला सकाळपासून गरगरत होतं. मी म्हटलं, गाडी थांबवून ऑफिसला का नाही कळवलंस? तर म्हणतो, मामा इतकी वर्षं त्याच गाडीत बसतात, त्यांना काही होत नाही. मी कसं सांगू? लोक काय म्हणतील? सासऱ्याला गरम होत नाही आणि जावई चक्कर येऊन पडतो!"

"अगं, पण मी काय—"

"तुम्हाला होत नसेल गरम. त्याला होतं. तो माणूस आहे."

थंडोबांना तिथल्या तिथे सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण आत खाटेवरून जावई त्यांच्याकडे मोठ्या आदराने बघत होता. "काळजी घ्या, जावईबापू," एवढं म्हणून ते परत आले. वाटभर स्वतःला शिव्या देत आले.

दुसऱ्या दिवशी सगळे ड्रायव्हर साहेबांकडे गेले. पुढे पैलवान होता, ज्याच्या पोटापुढे स्टिअरिंगला जागा मागावी लागे. त्याच्या शेजारी ताई, गोदामातली एकुलती एक ड्रायव्हर बाई आणि बोलण्यात सगळ्यांना भारी. मागणी साधी होती. प्रत्येक गाडीच्या मागच्या खोक्यात पंखा आणि छपराला आतून ऊन अडवणारा पत्रा.

साहेबांची केबिन इतकी गार असायची की भर उन्हाळ्यात त्यांच्या अंगात कोट असायचा. त्यांनी कोटाची बटणं लावत सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं. पण वरच्या लोकांना 'गरम होतं' असं सांगून चालत नाही, आकडा लागतो. आपण मोजू. गाडी खरंच तापत असेल तर पंखे मिळतील. नसेल तर यंदाचा विषय संपला." आणि त्यांनी खणातून एक चपटी पांढरी डबी काढली. तापमान नोंदवणारं यंत्र. एकच होतं. कुणाच्या गाडीत ठेवायचं हे ठरवायला त्यांना एक क्षणही लागला नाही. "थंडोबा, तुम्ही जबाबदार माणूस. गाडीत मागे ठेवा. आणि जपा हं, महाग आहे."

साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मागे ठेवा, आणि जपा. थंडोबांनी पहिल्या दिवशी सकाळी डबी मागच्या फळीवर नीट ठेवली. दुपारी पार्सल काढताना तिला सहज हात लागला. तव्याला लागावा तसा चटका बसला. महागाची वस्तू! साहेबांनी विश्वासाने दिलेली! पुढचं त्यांनी केलं नाही, त्यांच्या हाताने केलं. डबी उचलली, फडक्याने पुसली आणि थर्माकोलच्या पेटीत स्कॅनरशेजारी बर्फावर ठेवून झाकण लावलं.

मनात क्षणभर शंका आली, नाही असं नाही. पण त्यांनी हिशोब मांडला. यंत्र पेटीत आहे, पेटी गाडीत आहे, म्हणजे यंत्र गाडीतच आहे. याहून सोपं काय असणार? नंतर मोजणी संपेपर्यंत ते रोज डबीला बर्फात निजवत होते आणि स्वतः मात्र बाहेर उकडत होते. डबीला जागा करण्यासाठी त्यांनी पाण्याची बाटली कायमची बाहेर काढली.

निकालाच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना केबिनबाहेरच्या मोठ्या खोलीत बोलावलं. एसी होता, त्यामुळे ज्यांची सुट्टी होती तेही आले. जावईही आला होता, रंग अजून उतरलेला. भिंतीवरच्या पडद्यावर साहेबांनी यंत्राची रेघ दाखवली.

सुरुवातीला रेघ भराभर चढत गेली होती, आणि मग धाडकन खाली येऊन जी आडवी झाली ती आडवीच. अधेमधे जरा उंचवटा, की पुन्हा आडवी.

"पहिल्या दिवशीचं सोडा, तेव्हा यंत्र बहुतेक रुळत असेल," साहेब म्हणाले. "पण नंतर बघा. तुमची गाडी माझ्या केबिनपेक्षा थंड आहे! मला वाटतं पुढच्या मीटिंगा आपण गाडीतच घ्याव्यात." ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "थंडोबा इतकी वर्षं काय सांगताहेत? गरमी मनात असते. मन घट्ट पाहिजे."

पैलवानाने आ वासला. ताई म्हणाली, "हे यंत्र गाडीत होतं की कुणाच्या फ्रिजमध्ये?"

ते छोटे छोटे उंचवटे थंडोबांनी ओळखले. स्कॅनर काढायला पेटीचं झाकण उघडायचे ना, ते ते. आपण काय करून बसलो हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्याचबरोबर हेही कळलं की दुसऱ्या कुणालाही कळलेलं नाही. गप्प बसलं की झालं. नाव राहील, अब्रू राहील, उलट दुप्पट वाढेल.

त्यांनी जावयाकडे पाहिलं. वाटलं होतं, तो चिडला असेल. तो चिडला नव्हता. त्याने मान खाली घातली होती, आणि शेजारच्याला हळूच म्हणत होता, "मग माझ्यातच काहीतरी कमी असेल."

ते मात्र थंडोबांना सोसलं नाही.

"साहेब," ते उभे राहिले. "ती डबी मी बर्फात ठेवली होती."

"काय?"

"पेटीत. स्कॅनरच्या शेजारी. तुम्ही म्हणालात ना, जपा. तापली होती हो बिचारी."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे ही रेघ पेटीची आहे?"

"हो."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"मी पेटीत मावत नाही साहेब. मी बाहेर होतो."

ताई फुटली. पैलवानाचं पोट गदागदा हलायला लागलं. पण थंडोबा हसत नव्हते. साहेबांनी धीर एकवटून पुढचा प्रश्न विचारला. "पण तुम्हाला तर गरम होत नाही ना?"

आता आली का पंचाईत! इतक्या उन्हाळ्यांची कमाई एका प्रश्नावर येऊन टेकली. थंडोबांनी साहेबांकडे पाहिलं नाही. जावयाकडे बघून म्हणाले, "होतं. फार होतं. पहिल्या दिवसापासून होतं. त्या दिवशी ढग होते म्हणून मी बोललो, आणि मग मागे फिरता येईना. जावईबापू, मी रोज आइस्क्रीमवाल्याच्या बर्फाच्या खोलीत जाऊन उभा राहतो. नाहीतर तुमच्या आधी मी पडलो असतो, अन् पायपुसण्यावर नाही, भर रस्त्यात."

गोदामातल्या लोकांना हसण्याची सवय होती, पण या वेळी कुणी हसलं नाही. मग पैलवान उठला. "आता निघालंच आहे तर सांगतो. मी रोज दुपारी एटीएममध्ये जातो. पैसे नाही काढत. नुसता उभा राहतो. बाहेर रांग लागली की बटणं दाबल्यासारखं करतो."

"मी चपलांच्या दुकानात जाते," ताई म्हणाली. "एसी आहे. जोड काढायला लावते आणि म्हणते, चावतात. आता तो पोरगा मला बघून शटर ओढतो."

मग कुणी दवाखान्यात दुसऱ्याच्या नंबरवर बसत होतं, कुणी बँकेतल्या बाकावर. सगळं गोदाम दुपारी कुठे गायब होतं याचा साहेबांना त्या दिवशी पहिल्यांदा पत्ता लागला. ते कोटाचं बटण नुसतंच काढत आणि लावत राहिले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा मोजू. थंडोबा, या वेळी जपू नका."

जपू नका म्हणणं सोपं असतं. थंडोबांनी डबी मागच्या फळीवर उघडी ठेवली आणि दर थांब्याला सरकत्या दारातून डोकावून बघत राहिले. ती तापत होती, त्यांचे हात शिवशिवत होते, आणि दोनदा ते पेटीचं झाकण उघडून पुन्हा बंद करून बसले. भर दुपारी बघतात तो डबीचा आकडा गेलेला. तिचा चिमुकला पडदा काळा. हलवली, फुंकर मारली, काही नाही.

त्यांनी ती तशीच साहेबांपुढे नेली. साहेबांनी सवयीने हातात घेतली आणि "आई गं!" म्हणून टेबलावर टाकली. मग तिच्याकडे टक लावून बघत राहिले. "अहो, हे तर गेलं! इतकं महागाचं यंत्र, एका दुपारीत?" त्यांचा चेहरा पार उतरला. लगोलग त्यांनी वरच्या लोकांना फोन लावला, आणि वरचे लोकही हळहळले. कंपनीची यंत्रं अशा ठिकाणी ठेवलेली त्यांना माहीतच नव्हती म्हणे.

आठवडाभरातच पंखे आले. छपराचा पत्राही आला. सोबत सूचना आली की यंत्रांची हेळसांड होऊ नये म्हणून ही सोय केली आहे, आणि प्रत्येक गाडीतली नवी डबी पंख्यासमोर ठेवावी.

पैलवान म्हणाला, "माणूस पडला तर लिंबूपाणी. डबी पडली तर पंखा."

"येऊ दे ना कुणाच्या नावाने का होईना," थंडोबा म्हणाले. "वारा काय विचारून लागतो?" आणि जावयाच्या गाडीतला पंखा नीट बसलाय की नाही हे त्यांनी स्वतः चढून बघितलं. त्याचं तोंड डबीच्या फळीवरून काढून माणूस जिथे वाकतो तिकडे वळवून दिलं. जावई खाली उभा राहून बघत होता. "मामा, तुम्ही बोललात म्हणून झालं," तो म्हणाला. "दुपारी थांबत जा," थंडोबा एवढंच म्हणाले. पहिल्यांदाच अहोजाहो विसरले.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा बायको तिच्या खुर्चीत बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पंखा तिच्याकडे फिरत होता. लेकीने तिला सगळं सांगितलं असणारच, पण ती घड्या घालतच राहिली. थंडोबा खिडकीपाशी बसले. वर्तमानपत्र उचललं, पुन्हा खाली ठेवलं. गोदामात सगळ्यांसमोर बोलणं सोपं गेलं होतं, हे जड जात होतं.

"अगं, पंखा जरा माझ्याकडे कर ना. गरम होतंय."

तिचे हात थांबले. "शेवटी बोललात," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"तुमचे शर्ट कोण धुतं? पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा असतात. पाणी बदललं तरी हात खारट लागतात."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्हाला त्यात मोठेपणा वाटत होता. मी कशाला काढून घेऊ?" ती उठली आणि पंख्याची मान वळवायला लागली. वळेना. दोन्ही हातांनी धरून ओढली, तरी वळेना. इतक्या वर्षांत कुणी ती हलवलीच नव्हती. गंजून तिच्याच खुर्चीकडे तोंड करून बसली होती. थंडोबांनी येऊन जोर लावला. पंखा टेबलाला स्क्रूने आवळलेला होता; टेबलच डगमगलं, पडता पडता राहिलं, पण मान काही हलली नाही.

"सोडा आता तो नाद," ती म्हणाली आणि कपड्यांचा ढीग उचलून खुर्चीत एका बाजूला सरकली. "तुम्हीच या इकडे."

खुर्ची काही दोघांची नव्हती. ते खिडकीपाशी गेले, आपली खुर्ची उचलून आणली आणि तिच्या खुर्चीला लावून बसले. शर्टाची वरची दोन बटणं काढली. वारा अंगावर आला तेव्हा डोळे मिटून म्हणाले, "आज जरा बरा वारा आहे," आणि बायकोने त्यांच्या मांडीवर घडी घालायला एक शर्ट ठेवला.